आभासी बाजाराच्या पाटीवर ७४३.७५०००० का दिसते? संदेशांत आकडे नीट कसे लिहायचे

प्रश्न असा आहे. रत्नागिरीच्या काही विद्यार्थ्यांनी सेकंड लाइफ या संगणकावरच्या आभासी जगात कोकणातल्या बंदरासारखा बाजार उभा केला आहे. त्यात हापूसची टपरी आहे, जेटीवर भरतीची वेळ सांगणारी पाटी आहे, दीपगृह आहे. चार ठिकाणी अडले आहे. मजकुराला दर जोडला की ‘टाइप मिसमॅच’ अशी चूक येते. कसेबसे जोडले तर दर ७४३.७५०००० असा दिसतो. भरतीची पाटी कोणत्याही तिथीला शून्यच वाजवते. आणि ‘खरेदी करा’ हे बटण घातले की डायलॉगची खिडकीच उघडत नाही.

चारही अडचणींचे मूळ एकच आहे. स्क्रिप्टच्या आतला आकडा हिशेबासाठी असतो आणि पाटीवरचा आकडा माणसाने वाचण्यासाठी. पहिल्याचा दुसरा करताना तो कसा दिसावा हे तुम्ही ठरवले नाही, तर यंत्रणा तिच्या पद्धतीने ठरवते, आणि ती पद्धत गिऱ्हाइकाच्या सोयीची नसते.

कोड वाचण्याआधी एक सूचना. खालच्या ओळींत आज्ञा आणि नावे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रिप्ट लिहिण्याच्या खिडकीत टाकताना त्या रोमन लिपीत, मूळ स्पेलिंगने लिहाव्या लागतील: सुरुवातीचे दोन ‘एल’ लहान, पुढच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे. लहान-मोठ्या अक्षरांत गल्लत झाली तर ते नाव यंत्रणेला ओळखू येत नाही. अवतरणचिन्हांच्या आत देवनागरी खुशाल लिहा; बाहेर नाही, अंकसुद्धा नाहीत.

आता टाइप मिसमॅच. सेकंड लाइफच्या स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात तिच्यात अधिक चिन्हाची कामे वेगवेगळी आहेत. दोन्ही बाजूंना संख्या असेल तर बेरीज होते आणि दोन्ही बाजूंना मजकूर असेल तर जोडणी. एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला संख्या, याला नियमच नाही. म्हणून संख्येच्या आधी कंसात स्ट्रिंग लिहून तिचा मजकूर करायचा:

एलएलसे(०, "डझनाचा दर रु. " + (स्ट्रिंग)दर);

इथपर्यंत सोपे आहे. घोटाळा पुढे होतो. कंसातले (स्ट्रिंग) फक्त लगेच पुढच्या गोष्टीला लागू होते. त्यामुळे (स्ट्रिंग)दर * डझन असे लिहिले तर आधी दराचा मजकूर होतो, मग मजकुराला संख्येने गुणायची वेळ येते आणि पुन्हा तीच चूक दिसते. पूर्ण हिशेब कंसात घ्या:

"एकूण रु. " + (स्ट्रिंग)(दर * डझन)

याहून त्रासदायक प्रकार म्हणजे जिथे चूक दिसतच नाही. सकाळी १२ पेट्या विकल्या, दुपारी ५ विकल्या, आणि बेरीज दाखवायला (स्ट्रिंग)सकाळ + (स्ट्रिंग)दुपार असे लिहिले, तर उत्तर १७ येत नाही, १२५ येते. कंपायलर (कोड तपासून यंत्रणेला समजेल असा करणारा भाग) तक्रार करत नाही, कारण दोन मजकूर जोडणे पूर्णपणे कायदेशीर आहे. हिशेब संपेपर्यंत संख्या संख्याच ठेवायची आणि मजकूर अगदी शेवटी, बोलताना करायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पुष्कळ तुकडे जोडायचे असतील तर सगळे चौकोनी कंसात यादी म्हणून द्या आणि एलएल-डंप-लिस्ट-टू-स्ट्रिंग वापरा. यादीतल्या संख्यांचा मजकूर आपोआप होतो आणि मध्ये काय यावे (मोकळी जागा, स्वल्पविराम) तेही सांगता येते. मात्र अपूर्णांकांची शेपटी तिथेही तशीच राहते.

ती शेपटी म्हणजे तुमची दुसरी अडचण. पूर्णांक प्रकारची संख्या मजकुरात जशीच्या तशी उतरते: ८५० म्हणजे ८५०. फ्लोट (दशांश अपूर्णांकाच्या) प्रकारची संख्या मात्र नेहमी दशांशचिन्हापुढे सहा अंकांनिशी उतरते. ८५० वर साडेबारा टक्के सूट दिली की ७४३.७५ होतात, आणि पाटीवर येते ७४३.७५००००. दीपगृहाची जागा सांगणारा व्हेक्टर (तीन आकड्यांचा गट) मजकुरात उतरवला तर प्रत्येक घटक पाच दशांश अंकांचा येतो, आणि तोच व्हेक्टर यादीत घालून यादीचा मजकूर केला तर सहा अंकांचा. दोन व्हेक्टर सारखे आहेत का हे मजकुरांची तुलना करून तपासू नका, ते याचसाठी.

बहुतेक जण शेवटचे चार अंक कापून मोकळे होतात: एलएल-गेट-सबस्ट्रिंग(मजकूर, ०, -५). दिसायला काम होते, पण हे कापणे आहे, पूर्णांकन नाही. कोकम आगळाच्या तीन बाटल्या ५०० रुपयांना असतील तर एक बाटली पडते १६६.६६६६… रुपयांना. फ्लोट ३२ बिटांचा असतो, त्यात सुमारे सातच अंक भरवशाचे, म्हणून मजकुरात उतरते १६६.६६६६७२. शेवटचा ७२ हा गणिताचा भाग नाही, ती साठवणुकीची मर्यादा आहे. चार अंक कापले की १६६.६६ उरतात, जिथे १६६.६७ हवे होते. एका बाटलीला एक पैसा ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण पावतीवरच्या ओळींची बेरीज खालच्या एकूण रकमेशी जुळली नाही की गिऱ्हाइकाचा पावतीवरचा विश्वास जातो.

बरोबर मार्ग असा. आधी पैशांत आणा आणि एलएल-राउंडने पूर्णांक करा:

पैसे = एलएलराउंड(किंमत * १००.०);

मग पैसे / १०० म्हणजे रुपये आणि पैसे % १०० (भागाकाराची बाकी) म्हणजे सुटे पैसे. दोन्ही पूर्णांक आहेत, त्यामुळे शेपटी लागत नाही. सुटे पैसे दोन अंकी दिसायला हवेत, नाहीतर सात रुपये पाच पैशांचे ७.५ होतील आणि वाचणारा साडेसात समजेल. त्यासाठी पुढे शून्य लावून शेवटची दोन अक्षरे घ्यायची:

एलएलगेटसबस्ट्रिंग("0" + (स्ट्रिंग)सुटे, -२, -१)

५ चे ०५ होते आणि ४२ चे आधी ०४२ होऊन मग ४२ उरते. वेगळी ‘जर-तर’ लागत नाही.

उणे रकमा याच जागी फसतात. या भाषेत % ने आलेली बाकी भाज्याचे चिन्ह घेते, म्हणून -५ % १०० म्हणजे -५. शिवाय -५ / १०० म्हणजे शून्य, आणि शून्याला उणे चिन्ह नसते. रक्कम उणे आहे का हे आधी एका चलात नोंदवून ठेवा, एलएल-ॲब्सने चिन्ह काढा, सगळी जुळवाजुळव करा आणि चिन्ह सर्वांत शेवटी पुढे लावा.

खरे तर पैशांसाठी फ्लोट वापरूच नये. सेकंड लाइफमध्ये गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम मनी घटनेत (पैसे मिळाले की चालणाऱ्या स्क्रिप्टच्या भागात) पूर्णांक म्हणूनच येते. रुपया-पैशांचा तुमचा वेगळा हिशेब असेल तर तोही पैशांत, पूर्णांकात ठेवा. फ्लोटला १,६७,७७,२१६ च्या पुढचे सगळे पूर्णांक नेमके धरता येत नाहीत. त्यात एक मिळवला तरी आकडा तिथेच राहतो. पैशांत मोजाल तर ही मर्यादा पावणेदोन लाख रुपयांच्याही आत येते, आणि हंगामात हापूसच्या टपरीला ती ओलांडायला वेळ लागणार नाही. पूर्णांक मात्र २,१४,७४,८३,६४७ पर्यंत नेमका चालतो, म्हणजे पैशांत मोजूनही दोन कोटी चौदा लाख रुपयांपर्यंत. त्यापुढे आकडा गुपचूप उणे बाजूला उलटतो.

सरासरी दाखवताना भाजक शून्य नाही ना, हे आधी तपासा. दिवसाची पहिली पेटी विकली जाण्याआधीच कोणी पाटीला हात लावला तर शून्याने भागाकार होतो आणि स्क्रिप्ट गणिती चूक दाखवून थांबते. मग ती स्वतःहून पुन्हा सुरू होत नाही.

आता भरतीची पाटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा तुम्ही वापरलेला दिसतो. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. तुम्ही लिहिले असणार (३ / ४) * तिथी. इथे ३ आणि ४ दोन्ही पूर्णांक आहेत, म्हणून भागाकारही पूर्णांकातच होतो आणि ३ / ४ म्हणजे शून्य. शून्याला कोणत्याही तिथीने गुणले तरी शून्यच. क्रम बदलून तिथी * ३ / ४ केले तर पंचमीला ३ येतील, पाऊण तास गायब. ३.० / ४.० केले तर ३.७५०००० येईल, आणि होडीवाल्याला तीन वाजून पंचाहत्तर मिनिटे असा अर्थ लागेल.

इथेही फ्लोटची गरज नाही. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, तेव्हा सगळे मिनिटांत मोजा:

मिनिटे = तिथी * ४५;

पंचमीला २२५ मिनिटे. २२५ / ६० म्हणजे ३ तास आणि २२५ % ६० म्हणजे ४५. मिनिटांना वरचेच दोन अंकी शून्य लावा, नाहीतर चतुर्थीला ३:०० ऐवजी ३:० दिसेल. पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून ७४५ मिळवा: २२५ आणि ७४५ मिळून ९७०, म्हणजे १६:१०, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. तिथी कृष्ण पक्षातली असली तरी १ ते १५ मध्येच धरायची. ३० पर्यंतचा सलग आकडा दिला तर वेळ २४ तासांच्या पार सरकू शकते, म्हणून शेवटी % १४४० करून घ्या. पाटीवर ‘ढोबळ वेळ’ हे शब्द जरूर लिहा. खऱ्या समुद्रात जाणाऱ्याने भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकेच पाहावीत, आणि तुमचा बाजार पाहणाऱ्यांत उद्या खरोखर होडी घेऊन जाणारे कोणी असू शकते.

फेरीबोटीच्या सुटण्याच्या वेळा घड्याळाशी जोडणार असाल तर एलएल-गेट-वॉलक्लॉक वापरू नका. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ देते. एलएल-गेट-युनिक्स-टाइम घ्या, त्यात साडेपाच तासांचे १९,८०० सेकंद मिळवा, % ८६४०० करा. आलेला आकडा म्हणजे आपल्याकडच्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद.

मोठ्या रकमांत स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीनेच घाला. १२५०००० हे एका नजरेत कोणालाच वाचता येत नाही. आकड्याचा मजकूर करा, लांबी तीनपेक्षा जास्त आहे का पाहा. नसेल तर तसाच परत द्या. असेल तर शेवटचे तीन अंक ‘शेपूट’ म्हणून वेगळे काढा आणि उरलेले ‘डोके’. डोक्याची लांबी दोनपेक्षा जास्त आहे तोवर त्याचे शेवटचे दोन अंक तोडून, मध्ये स्वल्पविराम घालून शेपटाला पुढून जोडत राहा. शेवटी डोके, स्वल्पविराम, शेपूट. वरच्या आकड्यात शेपूट ०००, डोके १२५०. मग शेपूट ५०,००० आणि डोके १२. हाती येते १२,५०,०००. हे % आणि भागाकाराने करायला गेलात तर १,००,००५ मधली शून्ये गळून १,०,५ असे काहीतरी होते. मजकुरात कापले की शून्ये शाबूत राहतात. उणे चिन्ह इथेही आधी काढून ठेवा, नाहीतर ते अंक म्हणून मोजले जाईल.

मजकुरात उतरणारे अंक नेहमी रोमन लिपीतले, म्हणजे 0 ते 9 असे असतात. देवनागरी हवे असतील तर स्वल्पविराम लावून झाल्यावर एकेक अक्षर घ्या, रोमन अंकांच्या दहा अक्षरी मजकुरात एलएल-सबस्ट्रिंग-इंडेक्सने त्याची जागा शोधा, आणि उत्तर -१ नसेल तर "०१२३४५६७८९" या मजकुरातले त्याच जागेचे अक्षर ठेवा. -१ आले तर ते चिन्ह आहे, तसेच जाऊ द्या. दोन्ही मजकूर फंक्शनला बाहेरून द्या, म्हणजे अदलाबदल करून तेच फंक्शन उलट कामालाही येते.

उलट काम लागतेच. गिऱ्हाईक चॅटमध्ये ‘१२’ असे देवनागरीत लिहिते आणि त्याचा पूर्णांक करायला (इंटिजर) लावले की शून्य येते, कारण यंत्रणेला ते अंक वाटतच नाहीत. ‘1,200’ असे रोमन अंकांत लिहिले तरी स्वल्पविरामाशी वाचन थांबते आणि १ येतो. म्हणून क्रम असा ठेवा: कडेच्या मोकळ्या जागा काढा, अंक रोमन करा, स्वल्पविराम काढा, मग संख्या करा. ‘पाच पेट्या’ असे शब्दांत आले तर शून्यच मिळेल. आणि शून्य हे खरे उत्तरही असू शकते. दोन्हींतला फरक ओळखायला मिळालेल्या संख्येचा पुन्हा मजकूर करून साफ केलेल्या मजकुराशी ताडून पाहा. जुळला नाही तर ऑर्डर घेऊ नका, पुन्हा विचारा.

आता ‘खरेदी करा’ बटण. डायलॉगच्या बटणावर जास्तीत जास्त २४ बाइट मावतात. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि काना, वेलांटी, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘खरेदी’ म्हणजे ख, र, मात्रा, द, वेलांटी अशी पाच चिन्हे, १५ बाइट. ‘करा’ म्हणजे तीन चिन्हे, ९ बाइट. मधली मोकळी जागा १ बाइट. एकूण २५. एका बाइटने गाडी अडली. नुसते ‘खरेदी’ लिहा, काम होईल.

हीच मर्यादा बाकी ठिकाणीही आहे. डायलॉगचा मजकूर ५१२ बाइटच्या आत हवा, म्हणजे देवनागरीत सुमारे १७० चिन्हे. वस्तूवर तरंगणाऱ्या मजकुराला २५४ बाइट, म्हणजे ८४ चिन्हे. चॅटच्या एका संदेशाला १०२४ बाइट, म्हणजे ३४१ चिन्हे. भावफलकावर चार जातींचे दर देवनागरी अंकांत लिहायचे तर ८४ चिन्हे लगेच संपतात. तिथे रोमन अंक वापरून जागा वाचवणे मला रास्त वाटते. ‘१२,५०,०००’ देवनागरीत २३ बाइट खाते, रोमन अंकांत ९.

एलएल-स्ट्रिंग-लेंग्थ चिन्हे मोजते, बाइट नाही, त्यामुळे ती इथे फसवते. बाइट मोजायला मजकूर एलएल-स्ट्रिंग-टू-बेस६४ मधून काढा, आलेल्या मजकुराची लांबी ४ ने भागून ३ ने गुणा. उत्तर नेमके येईल किंवा फार तर दोनने जास्त येईल, कमी कधीच येणार नाही. मर्यादा पाळायला तेवढे पुरे. तरंगता मजकूर वापरण्याआधी तो तुमच्या व्ह्यूअरमध्ये (सेकंड लाइफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) डोळ्यांनी पाहा. जोडाक्षरे तुटक दिसत असतील तर साधे शब्द निवडा.

आकडा नीट लिहिला तरी शेजारचा शब्द चुकला तर वाक्य परके वाटते. ‘५ पेटी शिल्लक’ असे कोणी बोलत नाही. एकाला ‘पेटी’, दोनपासून ‘पेट्या’, ‘रुपया’चे ‘रुपये’. ‘नारळ’ मात्र दोन्हीकडे नारळच. फंक्शनला संख्या, एकवचन आणि अनेकवचन अशा तीन गोष्टी द्या आणि संख्या १ आहे का एवढेच तपासा. शून्यासाठी वेगळे वाक्य ठेवा: ‘एकही पेटी शिल्लक नाही.’ ‘० पेट्या शिल्लक आहेत’ हे व्याकरणात बसले तरी टपरीवर शोभत नाही.

पावतीवर अक्षरी रक्कम द्यायची असेल तर शून्य ते नव्व्याण्णव असे शंभर शब्द यादीत लिहावेच लागतात. मराठीत हे शब्द दशक आणि एकक जोडून तयार होत नाहीत, त्यामुळे लहान कोडची वाट नाही. टंकताना एखादा शब्द गळला तर पुढचे सगळे एकाने सरकतात, म्हणून यादीची लांबी बरोबर १०० आहे का पाहा आणि ४९ व्या जागी ‘एकोणपन्नास’, ५९ व्या जागी ‘एकोणसाठ’ येते का तपासा. मोजणी शून्यापासून सुरू होते. स्क्रिप्ट मोनोवर (स्क्रिप्ट चालवणाऱ्या नव्या यंत्रणेवर) कंपाइल करा. तिथे ६४ किलोबाइट स्मृती मिळते, जुन्या पद्धतीत १६ च, आणि एवढी यादी तिथे अडचण करते.

रक्कम फोडायची ती कोटी, लाख, हजार, शेकडा आणि उरलेले दोन अंक अशी. जो भाग शून्य असेल तो वगळा. नेमके १०० असतील तर ‘शंभर’, १०१ असतील तर ‘एकशे एक’. हा अपवाद हाताने लिहावा लागतो. रक्कमच शून्य असेल तर सगळे भाग वगळले जाऊन मजकूर रिकामा येईल, तेव्हा ‘शून्य’ आधीच परत द्या. पूर्णांकाच्या मर्यादेपर्यंत कोटींचा भाग २१४ पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे यादीत न सापडणारा. तिथे त्याच फंक्शनला कोटींचा आकडा पुन्हा द्या, ‘दोनशे चौदा कोटी’ मिळेल. शेवटी ‘रुपये फक्त’.

टपरीवरचा विक्रेता बोलतो ते वाक्य मात्र पावतीसारखे नसावे. पाच डझनांची पेटी ३,७५० ला असेल तर कोकणातला विक्रेता ‘पावणेचार हजार’ म्हणेल. हजारच्या वरच्या रकमेला हे सहज बसवता येते. १००० ने भागून बाकी ५०० उरली तर हजारांचा आकडा १ असताना ‘दीड’, २ असताना ‘अडीच’, पुढे ‘साडे’ आणि तो आकडा. बाकी २५० असेल तर ‘सव्वा’ आणि तो आकडा, फक्त १,२५० ला नुसते ‘सव्वा हजार’. बाकी ७५० असेल तर ‘पावणे’ आणि पुढचा आकडा. बाकी यांपैकी नसेल तर वरची अक्षरी रक्कम. हजारच्या आत हा नियम लावू नका. ७५० ला ‘साडेसातशे’ म्हणतात, आणि त्यासाठी शंभराच्या पटीने असाच दुसरा नियम लिहावा लागतो: १२५ सव्वाशे, १५० दीडशे, १७५ पावणेदोनशे, २५० अडीचशे.

तपासणी चालू असताना हे सगळे संदेश एलएल-ओनर-सेने फक्त स्वतःला ऐकवा. एलएल-से शून्य क्रमांकाच्या वाहिनीवर २० मीटरच्या परिघात सगळ्यांना ऐकू जाते, आणि बाजारात फिरणाऱ्यांना अर्धवट आकडे ऐकवण्याचे कारण नाही. ०, १, -५, ९९, १००, १०१, ९९९, १०००, १,००,००५ आणि २,१४,७४,८३,६४७ एवढ्या संख्या फंक्शनांतून काढून पाहा. यांत सगळे बरोबर आले तर दर्शनी पाटीवर चढवा.